कासवाचा कैलास

साठीची होते, म्हणजे तरुण आणि बिनडोक होते, तेव्हा मी घरच्या कासवासाठी गच्चीत चक्क कैलास बांधून घेतला. बांधणारा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला, गणपतीचे देखावे करणारा; नाव विचारायचं राहूनच गेलं. ओलं सिमेंट तो पोत्याने थोपटायचा, मूल निजवावं तसं. मी "अजून उंच" म्हणायचे, तो खुशीत चढवायचा.

दोन-चार दिवसांतच कासव कड्यावरून पडून भर उन्हात उताणं सापडलं. थोडक्यात वाचलं. बांधणाऱ्याला बोलावलं. गच्चीत पालथं पडून त्याने कासवाच्या उंचीवरून डोंगर पाहिला आणि शिखरावर हातोडा घातला.

"चुकलं आपलं, मावशी. गणपती दीड दिवसाने जातो. हे कासव तुम्हाला पोचवून मगच जाईल. आता याच्या सोयीने बांधतो."