भंगारात गेलेला कॉम्प्युटर

काकांनी जुना कॉम्प्युटर परस्पर भंगारात दिला, तेव्हा भरतकामवाल्या काकूंनी घर डोक्यावर घेतलं. त्यांची सगळी नक्षी त्यातच होती. सुरू होताना तो रोज अडायचा आणि काकूंची थाप बसली की चालायचा.

काका त्यांना मागच्या खोलीत, आपल्या नव्या मोठ्या मशीनपुढे घेऊन गेले. पडद्यावर एक चौकट उघडली आणि तिच्यात तोच जुना कॉम्प्युटर सुरू होऊ लागला. तोच निळा रंग, तोच टुणकन आवाज!

“अगंबाई! हा आत जिवंत आहे?”

“भंगारात नुसतं खोकं गेलं. आतलं सगळं मी आधीच इथे उतरवून घेतलं होतं.”

तेवढ्यात तो नेहमीच्या जागी अडला. काकूंनी सवयीने नव्या मशीनला सणसणीत थाप मारली. काकूंच्या नक्षीतला अर्धवट राहिलेला मोर पडद्यावर हजर झाला.

आता काकांनी तोंडात बोटं घातली.