दिघीची शाळा, तांदळाची कोठी आणि कुलूपबंद कपाट

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. या वेळी तालुक्याच्या शिक्षण विभागातले एक विस्तार अधिकारी दिघीजवळच्या एका प्राथमिक शाळेत पोषण आहाराचा तांदूळ तपासायला गेले, कोठीत कोपरापर्यंत हात घातला, आणि त्यांच्या हाताला लॅपटॉप लागला. मग दुसरा. एकूण चार निघाले, चारही जुन्या सुती साड्यांत गुंडाळलेले. साहेबांनी ते शाळेच्या कपाटात टाकले, कुलूप लावलं, कुलपावर सहीचा कागद चिकटवला आणि चावी खिशात घातली. जाता जाता तिसरीच्या मुलांसमोर त्यांच्या शिक्षिका पाटील बाईंना म्हणाले, "या वयात झेपत नाही तर कशाला हट्ट करायचा?"

तारीख आणि वेळ वरती लिहायची सवय मला सिस्टर लोकांनी लावली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये रडत आलेल्या मुलीला आधी विचारायचे, कधी, कुठे, कोणी. रडायचं त्यानंतर. ती सवय पुढे ठाण्याच्या शाळेत लहान मुलांना कॉम्प्युटर शिकवतानाही कामाला आली आणि निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

ते चार लॅपटॉप आम्ही निवृत्त शिक्षिकांनी मिळून दिले होते. जूनमध्ये मी स्वतः तिथे आठवडाभर राहून पाटील बाईंना शिकवलं. दोन शिक्षकांची शाळा, मुख्याध्यापिका याच. पहिल्या दिवशी त्या तापलेल्या तव्याला बोट लावून बघावं तशी कळ दाबायच्या. ऑगस्टमध्ये याच बाईंनी मुलांना बंदरावर नेलं, मासळीचे फोटो काढायला लावले, प्रत्येक माशाचं नाव मुलांकडून टाइप करून घेतलं आणि त्याचा एक छान पाठ तयार केला. शुक्रवारी, १२ सप्टेंबरला, केंद्रातल्या म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांपुढे तो दाखवायचा होता. आजवर असे पाठ बाहेरून आलेले तज्ज्ञ दाखवायचे, शिक्षक टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. आपल्यातलीच, निवृत्तीला आलेली एक बाई उभी राहणार, हे पहिल्यांदाच घडत होतं.

मंगळवारी दुपारी बाईंनी फोनवर कोठीचं आणि कपाटाचं एवढंच सांगितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, आता राहू द्या." त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. बुधवारी सकाळी मी ठाण्याच्या खोपट डेपोतून अलिबागची एसटी पकडली.

दिघी-दिवेआगरला जाणाऱ्यांसाठी आता कामाचं सांगते. वडखळला कोंडी असतेच, ती धरून निघा. पाणी कमी प्या. पेणपर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे मोजायच्या भानगडीत पडू नका. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या, पण सुटे जवळ ठेवा, कंडक्टरचा मूड सांभाळायची जबाबदारी आपलीच असते. अलिबागला गाडी बदलून मुरूड. रेवदंड्याच्या पुलावरून खाडी दिसते, पुढे काशीदच्या सुरूंमधून समुद्र दिसत राहतो. एरवी मी खिडकी सोडत नाही. या वेळी नजर फोनवर. पाच वेळा लावला, पाचही वेळा वाजून वाजून बंद पडला. बाईंना नोटीस आली असेल का? त्यांनी रजा टाकली असेल का? शुक्रवारी त्यांनी नाही म्हटलं, तर पुन्हा कोण उभं राहणार?

मुरूडहून रिक्षाने आगरदांडा, तिथून दिघीची फेरीबोट. गाड्याही चढतात, माणसांचं तिकीट फारसं नाही. पावसाळा सरत आला होता, वारा होता, बोट डोलत होती. माझ्या शेजारच्या बाकावर दोन शिक्षक बसले होते. एक चाळिशीतले गुरुजी आणि एक नव्याने लागलेली मुलगी. पाटील बाईंचं नाव ऐकलं आणि मी कान तिकडे लावले.

गुरुजी म्हणत होते, "बरं झालं एका अर्थी. शुक्रवारी लवकर सुटू. नाहीतर पुढच्या महिन्यात आपल्यालाच उभं केलं असतं."

मुलगी म्हणाली, तिच्या शाळेतला कॉम्प्युटर अजून खोक्यातच आहे. उघडला आणि बिघडला तर भरून कोण देणार?

"म्हणून तर उघडायचा नाही," गुरुजी म्हणाले. "खोकं दिसलं पाहिजे. तपासणीला खोकं पुरतं."

मी म्हटलं, "गुरुजी, खडूचं खोकंही तसंच ठेवता का? खडू झिजतो हो वापरला की."

त्यांनी मी कोण ते विचारलं. मी सांगितलं. नंतर धक्का येईपर्यंत ते फक्त समुद्राकडे बघत होते. मुलगी मात्र माझ्याकडे बघून हसू दाबत होती.

रात्री दिवेआगरला एका घरगुती खानावळीत मुक्काम. खोल्या स्वच्छ, आधी फोन करून जा, जेवण सांगावं लागतं. ताजे बोंबील होते, सोलकढी होती. मला दोन घास गेले. ज्यांना समाधानाने जेवायचंय त्यांनी जरूर जावं.

गुरुवारी सकाळी शाळा. पाटील बाई फळ्यावर खडूने मासा काढत होत्या, पाठ माझ्याकडे. मागे कपाट, कपाटाला कुलूप, कुलपावर कागद. मुलं अधूनमधून तिकडे बघत होती. एका मुलीने विचारलं, आपली सुरमई आत आहे का. बाई म्हणाल्या, पुस्तक उघडा.

मधल्या सुटीत मी विचारलं, तांदळातच का? खरं सांगते, मलाही राग आला होता. तांदळाची भुकटी लॅपटॉपच्या प्रत्येक फटीत शिरते. तो काही उपाय नव्हे. दमट हवा शोषणाऱ्या पुड्या मिळतात, घट्ट झाकणाचा डबा चालतो. हे मी जूनमध्ये सांगायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण जूनमध्ये कुणी लॅपटॉप कोठीत ठेवील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

उत्तर बाईंच्या आधी नर्मदाताईंनी दिलं. त्या शाळेत भात शिजवतात. हातात डाव घेऊनच आल्या. "आमी आंबं तांदळात पिकवतो, अंडी तांदळात ठेवतो, पोराचा मोबाईल पान्यात पडला तवा तांदळातच घातला. गणपतीच्या सुटीत शाळा बंद, भिंतीला ओल. बाईंनी ह्ये ठेवलं तर काय झालं? भात नासला न्हाय, कुना पोराच्या पोटात दुखलं न्हाय."

बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "चुकलंच माझं, नर्मदाताई. पोरांच्या खाण्याचा तांदूळ आहे तो." मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, माझ्या नोकरीची तीन वर्षं राहिलीत. आजवर माझ्यावर कागद आलेला नाही. तुम्ही ठाण्याला जाल. मला इथेच राहायचंय."

वाद न घालता मी चपला घातल्या. हे माझ्या बाबतीत फारसं घडत नाही.

मी रिक्षा करून तालुक्याच्या ठिकाणी गेले. साहेब दुपारी भेटले. माणूस वाईट नाही, हे लिहिलं पाहिजे. पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. त्यांचं म्हणणं असं, की पोषण आहारात बाहेरची वस्तू सापडली, उद्या मुलांना काही झालं तर नोकरी त्यांची जाणार. हे मला पटलं आणि मी तसं म्हटलं. पण मग तांदूळ तपासा, बदला, कोठी धुवा. लॅपटॉपना शिक्षा कशाची? आणि मुलांसमोर बाईंचं वय काढायचं काय कारण होतं?

साहेब म्हणाले, वस्तू सुरक्षित राहावी म्हणून कुलूप आहे. मी म्हटलं, समुद्रकाठी, ओल्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या कपाटात? ते म्हणाले, चौकशी होईल. मी म्हटलं, कधी? ते म्हणाले, होईल. मग मी म्हटलं, एवढंच लिहून द्या.

साहेबांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "मॅडम, लेखी नका मागू. तोंडी आहे तोवर मिटवता येतं. लेखी झालं की बाईंच्याच फायलीला लागेल."

परतीच्या रिक्षात मी हिशेब मांडत होते. मी आग्रह धरला तर नुकसान बाईंचं होणार. सोडून दिलं तर कपाट गंजणार आणि शुक्रवारी कोणी उभं राहणार नाही. त्या संध्याकाळी मी बाईंच्या ओटीवर बसून सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हटलं, ठरवा तुम्ही, मी तुमच्या शब्दाबाहेर नाही. बाई शेंगांच्या शिरा काढत राहिल्या.

शुक्रवारी केंद्रशाळेत सगळे जमले. खाली सतरंज्या, पुढे टेबल, टेबलामागे साहेब. पाटील बाईंचं नाव पुकारलं तेव्हा मला वाटलं त्या जागेवरूनच नको म्हणतील. त्या उठल्या. हातात काहीच नव्हतं.

त्या म्हणाल्या, "पाठ कपाटात आहे, म्हणून दाखवता येत नाही. काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, हसूनही झालं असेल. तांदळात ठेवले ही माझी चूक, पुन्हा होणार नाही. पण मला एक विचारायचंय. कोणाकोणाच्या शाळेत कॉम्प्युटर खोक्यात आहे?"

कोणी हलेना. मग बोटीवरच्या त्या मुलीने हात वर केला. मागोमाग आणखी काही हात आले, अर्धवट, डोक्याएवढेच. गुरुजींचा आला नाही.

"मला ते सुटीनंतर चालू हवे होते, म्हणून मी घाबरून तांदळात लपवले," बाई म्हणाल्या. "खोक्यातले खराब झाले तरी कोणाला कळणार नाही, कोणी विचारणारही नाही. माझे वापरात होते, म्हणून विचारलं गेलं." त्यांचा आवाज कापत होता. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "माझ्या फायलीला लागलं तर लागू दे. मला लेखी हवं."

साहेबांनी चहा मागवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहाच्या वेळी ती मुलगी बाईंजवळ आली आणि हळूच विचारलं, खोकं उघडताना आधी कुठली वायर लावायची. बाईंनी कागदाच्या कपावर पेनने काढून दाखवलं.

मी म्हसळा-माणगाव मार्गे परत आले. दिघीकडून मुंबईला येणाऱ्यांना हा रस्ता जवळचा. माणगावला महामार्गावर गाड्या मिळतात, पण शुक्रवारी संध्याकाळी उभ्यानेच यावं लागतं. गुडघे अजून बोलतायत. समुद्र, बोंबील, काशीदचे सुरू यातलं या वेळी काही सोबत आलं नाही. आली ती फक्त बाईंच्या आवाजातली थरथर. रोज रात्री फोन करते. आता त्या उचलतात. कपाट अजून बंद आहे. मुलं विचारतात. बाईंना कागद आलेला नाही, ना बरा, ना वाईट, आणि तो येईल या धास्तीत त्या रोज शाळेत जातात. मीही इथे बसून तीच धास्ती घेऊन आहे.

म्हणून, पाटील बाईंच्या परवानगीने आणि त्यांनी हा मजकूर वाचल्यानंतर, संबंधित विस्तार अधिकाऱ्यांना हे जाहीर विचारते. या लेखाची प्रत त्यांच्या कार्यालयात पोस्टाने गेली आहे. कपाट कोणत्या नियमाने बंद केलं? चावी शाळेला कोणत्या तारखेला मिळेल? तांदळात ठेवल्याबद्दल बाईंची चौकशी होणार असेल, तर खोक्यात ठेवणाऱ्या शाळांची कधी होणार? उत्तर लेखी हवं, सही आणि तारखेसह, पाटील बाईंच्या नावाने, मंगळवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत.