सिद्धार्थच्या लग्नाची सुट्टी

विषय : वेबसाइट तयार करणाऱ्या कार्यालयातील पदे आणि त्यांपैकी एकाचा, सिद्धार्थचा, स्वतःच्या लग्नासाठी सुट्टीचा अर्ज.

संदर्भ : मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेले.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, किस्से फायलींसारखे असतात. वेळेत निकाली काढले नाहीत तर साचतात. मी बाबूगिरीतून निवृत्त झाल्यावर माझ्या भाच्याने, अमोलने, लोहाऱ्यातल्या त्याच्या ऑफिसात मला वेबसाइटचा मराठी मजकूर तपासायला बसवलं. दोन वर्षांत एवढं साचलं, की नोकरीच्या तीस वर्षांत साचलं नसेल!

०००

श्वेता वणीची. पद : फ्रंट-एंड डेव्हलपर. म्हणजे लोकांना जे दिसतं ते ती करते. मी रुजू झालो तेव्हा ती दोन दिवसांपासून एकाच बटणावर काम करत होती.

"मामा, हा निळा अन् तो निळा सारखाच दिसते का?"

"अगदी सारखा!"

"मंग! म्हणून तर दोन दिवस लागले."

मला प्यायला पाणी मागावं लागलं.

०००

सिद्धार्थ राळेगावचा. पद : बॅक-एंड डेव्हलपर. बटण दाबल्यावर मागे जे घडायला हवं, ते तो घडवतो. एकदा एक बियाणे दुकानदार तावातावाने आला. "चार महिने झाले! या पोराचं काम कुठं हाय? दाखवा मले!"

सिद्धार्थने मानही वर केली नाही. "काका, माह्यं काम दिसलं का समजायचं, बिघडलं."

मी हादरलो. इतका बिनतोड खुलासा मला उभ्या सेवेत एकाही मेमोला सुचला नव्हता!

०००

तिसरे राठोड. पद : फुल-स्टॅक. म्हणजे पुढचंही तेच करणार, मागचंही तेच. एकदा एका मंगल कार्यालयाची वेबसाइट बंद पडली. श्वेता म्हणाली, "चूक मागं हाय." सिद्धार्थ म्हणाला, "चूक पुढं हाय." मग दोघांनी एकदम राठोडांकडे पाहिलं.

राठोड म्हणाले, "म्हणजे मी दोन्हीकडून चुकलो!"

पुढच्या महिन्यात ते पुण्याला गेले. पद रिक्त आहे.

०००

त्यानंतर अमोलने फर्मान काढलं : कागदी अर्ज बंद. सुट्टी फक्त ऑफिसच्या नव्या पोर्टलवर. "नियम म्हणजे नियम, मामा. मलासुद्धा लागू!"

श्वेताने एका दिवसात पोर्टलचं रूप उभं केलं. अमोलसाठी हिरवंगार 'मंजूर' बटण. मागचं काम सिद्धार्थकडे आलं आणि गिऱ्हाइकांच्या कामांखाली दबलं.

अशात त्याचं लग्न ठरलं. पत्रिका वाटून झाल्या. त्याने रीतसर अर्ज भरला. अमोलने 'मंजूर' दाबलं. पडद्यावर : प्रलंबित. मी मोजलं, चौदा वेळा दाबलं!

"सिद्धार्थ, हे होत काहून नाही?"

"सर, त्याच्या मागचं काम बाकी हाय."

"कोणाकडे?"

"माह्याकडे."

"मग करून टाक!"

"आठ दिवस लागते, सर."

"अन् लग्न?"

"पाचव्या दिवशी."

"नवरीच्या घरच्यांले काय सांगू मी? बटण चालत नाही म्हणू?" सिद्धार्थने लग्नाची पत्रिका अमोलपुढे धरली.

मी खणातून कागद काढला आणि दोन मिनिटांत अर्ज लिहून पुढे केला. अमोलने तो कागद मेलेली पाल पाहावी तसा पाहिला. "मामा! कागद? या ऑफिसात?"

पाचव्या दिवशी सिद्धार्थ सरळ लग्नाला उभा राहिला. आम्ही सगळे राळेगावला हजर. अमोलने नवरा-नवरीवर फुलं टाकली आणि सिद्धार्थच्या कानाशी वाकला. मला वाटलं, आशीर्वाद देतोय.

"तू इथं कसा? तुझी सुट्टी मंजूर नाही!"

०००

सिद्धार्थ परत आला आणि आठ दिवसांत मागचं काम पूर्ण केलं. अमोलने सर्वांदेखत बटण दाबलं. या वेळी पोर्टल बोललं : 'मागील तारखेची सुट्टी मंजूर करता येत नाही.'

"ही अट कोणी घातली?" अमोल ओरडला.

"तुमीच सांगतली होती, सर."

मागच्या आठवड्यात सिद्धार्थच्या मुलीचं नाव ठेवलं. आम्ही पेढे खाल्ले.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.