माझं लुगडं फाटत नव्हतं

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला घरात दोन लुगडी आली. मोमिनाबादच्या दुकानातलं गिरणीचं, पातळ, चकचकीत काठाचं, ते थोरल्या जाऊबाईंना. घाटनांदूरच्या बाजारातल्या कोष्ट्याचं जाडंभरडं, ओलं झालं की एकटीला पिळता न येणारं, ते मला. मामंजी जेवताना दोन्हींचे निजामाचे हाली रुपये मोठ्यानं सांगत होते आणि चौथीपर्यंतचं गणित मला येत होतं. जाऊबाईंच्या एका लुगड्यात माझी दोन आली असती.

धीर करून मी सासूबाईंना विचारलं, मलाही पुढच्या वेळी बारीक घ्याल का. निम्मे शब्द ओठातच राहिले.

"तुला कावून पाहिजे बारीक? ती चारचौघीत जाती, हळदीकुंकवाला बसती. तू पाव्हणा आला की चुलीमागं लपतीस."

खरंच होतं ते. मी गप्प भाकरी थापायला लागले.

डोळा मात्र गप्प बसेना. माझ्या निऱ्या खोचल्या की पोटाशी गाठोडं बांधल्यासारखं दिसायचं. त्यांचं लुगडं वाळत असलं की मी मुद्दाम त्या बाजूनं जायची आणि काठ बोटांत धरून बघायची. कुणी आलं की माशी हाकलल्यासारखं करायची.

जुनं फाटल्याशिवाय नवं येत नसे. म्हणून मी ठरवलं, फाटू दे. नदीवर ते दगडावर असं आपटायची की शेजारणी विचारायच्या, कुणाचा राग काढतीस गं. वाळायला बाभळीच्या कुंपणावर टाकायची. काट्यांनी भोकं पडायची, पण सूत इतकं भरीव की धुतलं की भोक मिटून जायचं. रंग तेवढा गेला.

जाऊबाईंचं एका पावसाळ्यातच विरलं. खळ निघून गेली आणि एक दिवस त्या खाली बसल्या तर गुडघ्यावर टरकलं. मला इतका आनंद झाला की मी तोंड फिरवून घेतलं. सासूबाईंनी दांड घालून बघितला, म्हणजे फाटका भाग काढून दोन्ही धड तुकडे जोडले, पण शिवणीशीच कापड उसवलं. मामंजी म्हणाले, सून काय उघडी फिरल का, दुसरं आणा. दुसरं आलं ते तसलंच बारीक, अंजिरी रंगाचं. फाटलं तिला नवं मिळालं, टिकलं तिला काहीच नाही. माझा जीव जळून कोळसा झाला.

पुढं जाऊबाईंना दिवस गेले. आमच्याकडं तान्ह्या बाळाची वाकळ घरातल्या बायकांच्या जुन्या लुगड्यांचीच शिवतात, नवं कापड लावत नाहीत. सासूबाईंनी गिरणीच्या लुगड्याचे तुकडे काढले, पण टाका ओढला की ते सुटत. शेवटी त्या माझ्यापुढं येऊन बसल्या.

"तुझं दे. धुऊन धुऊन मऊ झालंय, आन् पोर कितीबी मुतलं तरी टिकंल. तुला नवं घिऊ."

मी लगेच आत जाऊन लग्नातलं लुगडं नेसले आणि अंगावरचं उतरवून त्यांच्या हातात दिलं. वाकळ मीच शिवली. टाके घालताना मनात ठरवूनही टाकलं, मला जांभळं घ्यायचं, अंजिरीहून गडद.

बाजाराच्या दिवशी मामंजींनी गाठोडं आणलं आणि सासूबाईंनी सगळ्यांसमोर ते माझ्या मांडीवर ठेवलं. कोष्ट्याचंच होतं.

"हिच्या अंगावर कापड लई दिवस टिकतं," त्या कौतुकानं म्हणाल्या. "हिला हेच घेत जाऊ."

मी बरं म्हणाले.

"तुझं बरं हाय बाई," जाऊबाई म्हणाल्या. "एकदा घेतलं की बघायला न्हाई." त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणून तर जास्तच लागलं.

आत जाऊन मी घडी मोडली. काठ दोन्ही मुठींत धरला आणि सगळा जोर लावून ओढला. सूत जरासुद्धा सरकलं नाही.