वहिनी बाहेर येऊन बसल्या

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोकरदनच्या स्टँडवर जालन्याच्या बसमध्ये बसले होते. त्यांच्याकडेच निघाले होते, मांडीवर ताकाची बाटली घेऊन... अलीकडे त्यांच्या घशाखाली दुसरं काही उतरत नव्हतं. पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो श्रद्धांजली वाहायला उठला त्याने त्यांना शांत, सोशिक म्हटलं. मला ऐकवेना. माझ्या वहिनी सोशिक बिलकुल नव्हत्या, हट्टी होत्या.

माझा भाऊ स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेला. त्याला आधी अचानक शुगर निघाली, मग वजन उतरलं आणि आम्ही सगळे खूश, गोड सोडल्याचा गुण आला म्हणून. वहिनी तर शाळेत विज्ञान शिकवायच्या, पण त्यांनीही त्याच्या पँटी कौतुकाने कमरेत आत घालून आणल्या. ती दोन्ही याच आजाराची चिन्हं होती हे पोट दुखायला लागल्यावर कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता. ते कौतुक वहिनींना कायमचं टोचत राहिलं.

पुढे संभाजीनगरच्या एका संस्थेत त्या जायला लागल्या. ही संस्था देणग्या गोळा करून या आजारावरच्या संशोधनाला देते. कोणाला द्यायचं हे डॉक्टरांची समिती ठरवते आणि तिच्यात पेशंटच्या घरचंही एक माणूस असतं. ते माणूस म्हणजे वहिनी. मी एकदा वैतागून म्हटलं, एवढ्या पैशात एखाद्याचा इलाज तरी झाला असता. त्या म्हणाल्या, "इलाजाला देणारे निघतेत, अरुणा. नव्या विचाराला कोणी देत न्हाई. सरकार म्हणतं आधी पुरावा आणा, आन पुराव्यालाच खर्चा येतो. तो पहिला खर्चा आपण करायचा."

गेल्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंचा अर्ज आला. उतारवयात नव्याने शुगर निघालेल्यांचं रक्त तपासून हा आजार लवकर हाती लागतो का, ते त्यांना पाहायचं होतं. तुलनेसाठी आजार झालेल्यांचंही रक्त लागणार होतं. समितीत दोन तट पडले होते आणि वहिनींच्या मतावर सगळं अडलं होतं. बैठकीला मी सोबत गेले, बाहेर बाकावर बसले. जरा वेळाने दार उघडलं आणि वहिनीच बाहेर येऊन शेजारी बसल्या.

"काय झालं?"

"नियम हाय. त्या कामाशी ज्याचा संबंध, त्यानं बाहेर बसायचं."

"दादाला जाऊन किती वर्षं झाली, वहिनी..."

"तुझ्या दादाचा न्हाई, माझा संबंध. मलाबी तेच झालंय. काल रिपोर्ट आल्ता. मी तिथं रक्त देणार हाय."

मला रागच आला. "आत कोणाला ठाऊक हाय? जा, मत देऊन या. तुमच्यावाचून ते बुडल."

"त्यांना सांगूनच आले."

"आन मला?"

"आता सांगितलं की."

आतले आवाज चढत होते. घाई, पुरावा, पुढच्या वर्षी बघू... असं तुटक ऐकू येत होतं. माझ्या डोक्यात एकच होतं, वहिनी जाणार. वहिनींचा जीव मात्र त्या दारात अडकला होता. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. शेवटी कारकून बाहेर आला आणि म्हणाला, रक्ताचे नमुने गोळा करण्यापुरतं एका वर्षाचं अनुदान मंजूर झालं. वहिनींनी हात सोडला. "चल, जल्दी. बस जाईल," एवढंच म्हणाल्या.

परवा मी त्या डॉक्टरीणबाईंच्या प्रयोगशाळेत गेले. त्यांनी मोठ्या फ्रीजचं दार उघडून दाखवलं. आत एकसारख्या बारीक नळ्या रांगेने उभ्या होत्या. वहिनींची कोणती, असं मी विचारलं. "मलाही सांगता येणार नाही, ताई. नावं काढून टाकतो आम्ही." काही सापडलं का, तर म्हणाल्या, अजून नाही. मी दाराला हात लावून एकेक नळी बघत राहिले... "ताई, दार लावू द्या. आतली थंडी जाते."

"लावा," मी म्हटलं. पण माझा दारावरचा हात लवकर निघेना.