विहिरीत ओतलेला टँकर

निवृत्त शिक्षिका सुनंदाताई आठल्ये अकरा वर्षं सोसायटीच्या पाण्याची चावी सोडत होत्या. मे महिन्यात टाकीला तडा गेला, म्हणून आठवड्याने आलेला टँकर त्यांनी आटलेल्या विहिरीत ओतून घेतला. सकाळी पाहतात तर तळाला नुसता ओला जांभा. सगळं पाणी खडकात जिरलं होतं.

"बाई, जांभ्यात पाणी ठरतं का कधी? कोकणातल्याच ना तुम्ही?" तळमजल्यावरचे पटवर्धन कळशी आपटत म्हणाले. "आता पुढचा टँकर?"

"शुक्रवारी."

"आज शनिवार आहे!"

सुनंदाताईंनी घरातला पिण्याचा हंडा बाहेर आणला आणि तांब्यातांब्याने वाटला. सहाव्या घराला तो संपला. मागे रांगेत अजून अठरा घरं उभी होती. कुणाकडे न बघता त्या चावीपाशी गेल्या आणि रोजच्यासारखी ती पूर्ण सोडली. नळातून नुसती हवा आली.