मेंढरांची साक्ष

ठाण्याच्या मिशन शाळेतले माझे शेजारी मास्तर वाद घालण्याआधी पागोटे काढून मांडीवर ठेवीत. डोक्याला वारा लागला की मुद्दे सुचतात म्हणे. त्या वर्षी त्यांनी घरचा नाताळच बंद केला.

"प्रभूच्या जन्मरात्री मेंढपाळ रानात होते, असं शास्त्र सांगतं. डिसेंबरच्या थंडीत मेंढरं उघड्यावर कोण ठेवील? तारीखच खोटी! साक्षीदार आणतो!"

करंज्यांचे सारण करून बसलेल्या मास्तरीणबाईंनी अबोला धरला.

साक्षीदारासाठी मास्तरांनी मला कल्याणच्या शेतांत ओढत नेले. तिथे घाटावरून उतरलेला एक धनगर भेटला. मास्तरांनी पागोटे काढले.

"काय रे बाबा, थंडीत मेंढरं रात्री कुठं ठेवतोस?"

"हितंच, उघड्या शेतात. लेंडीखत पायजे म्हून शेतकरीच बोलावत्यात."

मास्तर पागोटे डोक्यावर चढवून जवळजवळ धावतच स्टेशनकडे निघाले.

"अहो, पण प्रभू काही कल्याणला जन्मले नाहीत!" मी मागून ओरडलो.

"साक्षीदार माझा होता. आता उलटतपासणी नाही! चला, करंज्या तळायला सांगू!"

कोर्टात माझी वीस वर्षे कारकुनीत गेली. खटला हरून इतका खूश झालेला माणूस तिथे कधी दिसला नाही.